प्रकाशाचा रंग बदलणारे स्फटिक

लाल प्रकाशाचा किरण पाण्यात शिरला तर वळतो, आरशावर पडला तर परततो, काचेत शिरला तर मंदावतो. पण त्याचा रंग लालच राहतो. शाळेच्या पुस्तकातील प्रकाशाचे नियम हे गृहीत धरूनच सांगितलेले असतात. प्रकाश अतिशय प्रखर झाला, की मात्र हे नियम अपुरे पडतात. असे का होते, ते पाहू या.

आवाज फाटतो तसे

रेडिओ बेताने लावला की गाणे स्वच्छ ऐकू येते. बटण पूर्ण पिरगळले की आवाज फाटतो. कर्ण्याचा पडदा धक्क्याच्या प्रमाणात हलतो खरा, पण हे प्रमाण थोड्या धक्क्यापुरतेच टिकते. ते बिघडले की मूळ सुरात नसलेले, दुप्पट-तिप्पट कंप्रतेचे सूर आवाजात मिसळतात.

पदार्थातील इलेक्ट्रॉन या पडद्यासारखेच असतात. प्रकाशतरंगातील विद्युत क्षेत्र त्यांना पुढे-मागे हलवते आणि हलणारे इलेक्ट्रॉन स्वतः प्रकाश बाहेर टाकतात. भर दुपारच्या उन्हातील विद्युत क्षेत्र दर मीटरला सुमारे ९०० व्होल्ट असते. हायड्रोजनच्या अणूत इलेक्ट्रॉनला धरून ठेवणारे क्षेत्र मात्र दर मीटरला सुमारे ५० हजार कोटी व्होल्ट, म्हणजे ५० कोटी पटींहूनही अधिक असते. उन्हाने इलेक्ट्रॉन जेमतेम हलतो. त्याचा ‘आवाज फाटत’ नाही. त्यासाठी लेसरचा प्रखर झोत लागतो.

पुसला गेलेला ठिपका

पहिला लेसर १९६० साली चालू झाला. लगेच १९६१ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणकाच्या लेसरचा लाल प्रकाश क्वार्ट्झच्या स्फटिकावर एकवटला. त्या प्रकाशाची तरंगलांबी होती ६९४.३ नॅनोमीटर. स्फटिकातून बाहेर आलेल्या प्रकाशाच्या छायाचित्रात ३४७.२ नॅनोमीटरच्या जागी एक पुसट ठिपका उमटला. तरंगलांबी निम्मी, म्हणजे कंप्रता दुप्पट! लाल प्रकाशाचे दोन कण एकत्र येऊन जंबुपार प्रकाशाचा एक कण तयार झाला होता. गंमत अशी, की शोधनिबंध छापताना तो ठिपका कागदावरचा डाग समजून पुसला गेला. छापील चित्रात बाण आहे, पण बाणापुढे काहीच नाही!

क्वार्ट्झच का, काच का नाही?

हे समजण्यासाठी थोडे गणित करू. एका आवर्तनात विद्युत क्षेत्र ०, +१, ०, −१, ० असे बदलते, असे माना. या संख्यांचे वर्ग केले तर ०, १, ०, १, ० मिळतात. मूळ तरंगाला एक उंचवटा आणि एक खळगा होता. वर्गाला मात्र तेवढ्याच वेळात दोन उंचवटे आहेत. म्हणून पदार्थाच्या प्रतिसादात क्षेत्राच्या वर्गाचा अंश असेल, तर दुप्पट कंप्रतेचा प्रकाश निर्माण होतो.

आता काच घ्या. तिच्यात अणू अस्ताव्यस्त असल्याने डावी आणि उजवी दिशा सारखीच. क्षेत्र उलटे केले तर प्रतिसादही नेमका उलटा व्हायला हवा. पण −१ चा वर्गही +१ च. तो उलटत नाही. तेव्हा काचेत वर्गाचा अंश शून्यच असला पाहिजे. क्वार्ट्झमध्ये अणूंची मांडणी अशी असते, की दोन्ही दिशा सारख्या नसतात. म्हणून तेथे हा परिणाम दिसतो.

तरीही फ्रँकन यांचा ठिपका इतका पुसट का? लाल आणि जंबुपार प्रकाशाचे स्फटिकातील वेग वेगळे असतात. त्यामुळे ठिकठिकाणी जन्मलेले नवे तरंग एकमेकांशी ताल न जुळल्याने परस्परांना खोडून काढतात. १९६२ साली यावर उपाय सापडला. काही स्फटिकांत प्रकाशाचा वेग त्याच्या कंपनाच्या दिशेवरही अवलंबून असतो. असा स्फटिक योग्य कोनात धरला, की दोन्ही रंगांचे वेग सारखे होतात आणि नवा प्रकाश वाढत जातो.

हिरवा लेसर आणि तुमचे डोळे

याच गुणावर अनेक हिरवे लेसर पॉइंटर चालतात. त्यातील छोटा लेसर १०६४ नॅनोमीटरचा अदृश्य अवरक्त प्रकाश देतो आणि पोटॅशियम टायटॅनिल फॉस्फेटचा स्फटिक त्यातून ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश बनवतो. न बदललेला अवरक्त प्रकाश अडवण्यासाठी गाळणी लागते. स्वस्त पॉइंटरमध्ये ती नसूही शकते. २०१० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत तपासलेल्या अशा एका पॉइंटरमधून हिरव्यापेक्षा कितीतरी अधिक अवरक्त प्रकाश बाहेर पडत होता. झगझगीत प्रकाशाने पापणी आपोआप मिटते. अदृश्य प्रकाशाने ती मिटत नाही, पण नेत्रपटल मात्र भाजते. म्हणून हिरवा ठिपका मंद दिसला तरी पॉइंटर निरुपद्रवी आहे, असे कधीही समजू नका. तो कोणाच्या डोळ्यांवर रोखू नका; आरशावर किंवा चकचकीत भांड्यावर टाकू नका.

दळणवळणातही असे स्फटिक राबतात. लिथियम नायोबेटच्या स्फटिकाला विद्युत दाब दिला की त्याचा अपवर्तनांक बदलतो. या गुणाच्या साहाय्याने प्रकाशतंतूतून जाणाऱ्या झोतावर संदेश चढवता येतो.

जाता जाता एक काम. वर आपण वर्गाचा विचार केला. प्रतिसादात क्षेत्राच्या घनाचा अंश असेल, तर तो काचेत शून्य असेल का? −१ चा घन काढा आणि स्वतःच ठरवा.