पानथरी काढण्याआधी दोन प्रश्न विचारा

मानोरा तालुक्यातील इंझोरीच्या विहारात बैठक संपली आणि एक आई नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आमच्याजवळ बसली. "ताई, हिची पानथरी वाढली. मांगच्या महिन्यात रक्ताची उलटी झाली. पानथरी काढून टाका म्हन्तात. काढू का मंग?" आम्ही फाईल पाहिली. लिव्हरच्या तपासण्या चांगल्या होत्या, प्लेटलेट मात्र कमी. असे प्रश्न इतर घरांतही असतील, म्हणून यावेळी हा विषय.

पानथरी कशासाठी असते?

पानथरी म्हणजे प्लीहा. ती डाव्या बरगड्यांखाली असते. रक्तातल्या जुन्या पेशी ती गाळते, आणि न्यूमोनिया, मेंदूज्वर यांच्या काही जंतूंना रक्तातच अडवते. ती वाढलेली दिसली तर आधी कारण शोधायचे. मलेरिया, सिकलसेल, थॅलेसेमिया ही कारणे असू शकतात. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल आढळतो, म्हणून ती तपासणी आधी करून घ्या. पोटावर चटके देऊन पानथरी कमी होत नाही, लेकराला जखम तेवढी होते.

रक्ताची उलटी का होते?

आतडी आणि पानथरीतले रक्त पोर्टल व्हेन नावाच्या मोठ्या शिरेतून लिव्हरमध्ये जाते. शेतातल्या पाटात गाळ अडकला की पाणी मागे तुंबते आणि बांध फोडते. ही शीर बंद झाली की तसेच होते. पानथरी फुगते, अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटतात. याला पोर्टल हायपरटेन्शन म्हणतात. दंडावर मोजतो तो बीपी वेगळा. दारूने किंवा काविळीच्या विषाणूने लिव्हर खराब झालेल्या मोठ्यांनाही हे होते, पण त्यांचा उपचार वेगळा असतो. मुलांमध्ये बहुधा लिव्हर चांगले असते, फक्त शीर बंद असते. काही मुलांत बाळपणी नाळेला झालेला जंतुसंसर्ग हे कारण असते. अनेकदा कारण सापडत नाही. तरीही नाळेला राख, शेण, तेल काही लावू नका. ती कोरडी आणि स्वच्छ ठेवा.

पानथरी ठेवूनही ऑपरेशन होते

आधी दुर्बिणीने फुगलेल्या शिरांना रबरी कड्या बसवतात. अनेक मुलांना त्याने आराम पडतो. रक्तस्राव थांबत नसेल किंवा पानथरी फार त्रास देत असेल तर ऑपरेशनचा विचार होतो. जुन्या पद्धतीत पानथरी काढून तिची शीर डाव्या किडनीच्या शिरेला जोडतात. पानथरी जागेवर ठेवूनही ही जोडणी करता येते. अमेरिकेत डॉ. वॉरेन यांनी १९६७ मध्ये अशी एक पद्धत मांडली. आपल्याकडे चंदीगडच्या पीजीआयमधील डॉ. मित्रा आणि सहकाऱ्यांनी मुलांमध्ये पानथरी न काढता दोन्ही शिरा कडेला कड लावून जोडल्या आणि १९९३ मध्ये ते काम प्रसिद्ध केले. तुंबलेल्या रक्ताला वाट मिळाली की दाब उतरतो, पानथरी हळूहळू लहान होते, प्लेटलेट वाढू लागतात. काही मुलांत रक्त पुन्हा लिव्हरमध्ये नेणारी रेक्स शंट ही जोडणीही करता येते.

नुसती पानथरी काढली तर पुढे जोडायला लागणारी शीरच हातची जाते. शिवाय जंतूंचा पहारेकरी गेला की साधा वाटणारा ताप काही तासांत जीवघेणा होऊ शकतो, लहान मुलांत अधिकच.

म्हणून डॉक्टरांना विचारा:

१. पानथरी ठेवून शिरेची जोडणी होईल का? नाही, तर का नाही?

२. काढावीच लागली तर न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल आणि हिब या लसी कधी देणार?

या लसी ऑपरेशनच्या किमान दोन आठवडे आधी दिलेल्या चांगल्या. सगळ्यांची पानथरी वाचवता येतेच असे नाही. शिरांची स्थिती पाहून सर्जन ठरवतात. पण विचारण्याचा हक्क आपला आहे. ज्यांची पानथरी आधीच काढली आहे त्यांनी ताप आला की सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा आणि "पानथरी नाही" हे आधी सांगावे.

कुठे जायचे?

अंगणवाडी आणि शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला मूल दाखवा. तिथून किंवा वाशीमच्या जिल्हा रुग्णालयातून पुढची चिठ्ठी घ्या. पोटाची डॉपलर सोनोग्राफी करायला सांगा. नागपूरच्या शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालयात पोटविकारांचा विभाग आहे. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला आधी भेटा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

घरी काय सांभाळायचे?

अशा मुलाला तापात अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेनसारख्या गोळ्या मनाने देऊ नका, रक्तस्राव होऊ शकतो. पोटाला मार लागेल असे खेळ, कबड्डी, कुस्ती, टाळा. शाळा मात्र बंद करू नका. रक्ताची उलटी झाली किंवा शौच डांबरासारखी काळी झाली तर मुलाला कुशीवर झोपवा, तोंडाने काही देऊ नका आणि लगेच १०८ ला फोन करा.

त्या आईने दोन्ही प्रश्न फाईलच्या मागे लिहून घेतले. तुम्हीही लिहून ठेवा.