सात महिन्यांचा ‘एक्सपिरियन्स’

रामनवमीला पोहरादेवीत पाय ठेवायला जागा नसते. सेवालाल महाराजांचं दर्शन झालं, जगदंबा देवीचं झालं, की पोरं निघतात नगाऱ्याच्या आकाराच्या बंजारा विरासत संग्रहालयाकडे. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये उद्घाटन झाल्यापासून सेल्फीची जागा तीच. पण आणखी एक गर्दी असते, पुण्या-मुंबईहून आलेल्या दादांभोवती. ‘दादा, तुमच्याकडं जागा आहे का?’

गेल्या वर्षी असा दादा मी होतो. चाकणच्या एका कंपनीत ठेकेदारामार्फत लागून सात महिने झालेले. नवे बूट, खिशात गेटपास. बीएच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या चुलतभावाला मी ठणकावून सांगितलं, ‘डिग्रीनं काय होतं रे? ये तिकडं. कंपनीत कसं चालतं, मला माहीत आहे.’

मला काय माहीत होतं? एक गेट, एक लाइन, एक सुपरवायझर. पगारातून पीएफ का कापतात तेही धड माहीत नव्हतं. पण विचारणारा विश्वासाने बघत असला की ‘माहीत नाही’ म्हणायला जीभ वळत नाही.

तो जूनमध्ये आला. सहा महिने भरले आणि त्याला ‘ब्रेक’ मिळाला, म्हणजे उद्यापासून येऊ नको. तोवर सेमिस्टरची परीक्षा हुकलेली. माझे सहा महिने भरले होते तेव्हा मी कसा टिकलो? त्या महिन्यात ऑर्डर जास्त होती, एवढंच. मी ती माझी हुशारी समजत होतो.

आमच्या तांड्यावरचे एक काका वर्षानुवर्षं ऊसतोडीला जातात. त्यांना कुणी विचारलं, ‘काका, यंदा जाऊ का?’ तर ते हो-नाही सांगतच नाहीत. उचल किती घेतली, खाडे किती झाले, त्याचे किती कापले, परत येताना हातात किती उरले, एवढं सांगतात. मग गप्प. आधी मला वाटायचं, म्हाताऱ्याला सल्ला देता येत नाही.

रेल्वे येण्याआधी आपले लमाण पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. मुक्काम कुठे, पाणी कुठे, हे तांड्याचा नायक ठरवायचा. त्याचा अंदाज चुकला तर बैलांबरोबर तोही तहानेला राहणार. माझा अंदाज चुकला तेव्हा माझी नोकरी शाबूत होती.

आता असे दादा-ताई आणखी वाढणार. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ला सहा महिन्यांची म्हणून सुरू झाली. पदवीधराला महिना १० हजार विद्यावेतन. शिकायला चांगलंच आहे ते. फक्त त्या सर्टिफिकेटवर मुदत लिहिलेली असते, तीही वाचावी.

यंदाच्या यात्रेत एका पोरानं चुलतभावाला गाठलं. ‘भाऊ, कंपनीत येऊ का?’ त्यानं मोबाइलमध्ये पगाराची स्लिप उघडली, रूमचं भाडं सांगितलं, मेसचे पैसे सांगितले, ब्रेकची तारीख सांगितली. पोरानं पुन्हा विचारलं, ‘म्हणजे येऊ का नको?’

‘ते मी कसं सांगू?’ तो म्हणाला आणि परीक्षेचा फॉर्म कधी सुटतो ते मला विचारू लागला.