सरबताच्या तळाशी चमकलं काय?

९ नोव्हेंबर १८७४. बडोद्यातली सकाळ. कर्नल फेअर फिरून घरी आले. संस्थानात ब्रिटिश सरकारचा जो बडा अधिकारी बसायचा त्याला रेसिडेंट म्हणत. फेअर हे बडोद्याचे रेसिडेंट. रोजच्यासारखा पपनसाच्या सरबताचा ग्लास त्यांच्यासाठी तयार होता. त्यांनी दोन-तीन घोट घेतले आणि तोंड वाकडं केलं. पपनस खराब निघालं असेल, असं म्हणून उरलेलं सरबत त्यांनी बाहेर फेकून दिलं. थोड्या वेळानं मळमळायला लागलं. तेव्हा कुठे त्यांचं लक्ष रिकाम्या ग्लासाकडे गेलं. तळाशी काळपट गाळ होता!

दोस्तांनो, रहस्यकथा आवडतात ना तुम्हाला? जुना काळ, मोठा वाडा, एक खून आणि त्याचा छडा लावणारा राजबिंडा उमराव असला की पुस्तक हातातून सुटत नाही. डोरोथी सेयर्स या लेखिकेचा लॉर्ड पीटर विम्सी असाच एक उमराव गुप्तहेर. बडोद्याची गोष्ट मात्र खरी आहे. आरोपी खरा महाराजा, आणि त्याच्यावरच्या आरोपाची चौकशी करायला बसलेल्यांतही दोन खरे महाराजे!

आधी तो गाळ बघू. डॉक्टर सिवर्ड यांनी तो तपासला आणि पुढे मुंबईला सरकारी रासायनिक परीक्षक डॉ. ग्रे यांच्याकडे पाठवला. ग्रे यांना त्यात सोमल सापडला. सोमल म्हणजे आर्सेनिकची पांढरी पूड. हे जहाल विष. त्याला ना वास, ना सांगण्यासारखी चव, म्हणून जुन्या काळी विष घालणाऱ्यांचं ते फार आवडतं. पण त्याची एक खोड आहे: गार पाण्यात ते चटकन विरघळत नाही. दुधात न शिजलेला रवा बसावा तसं तळाशी जाऊन बसतं. फेअर वाचले ते दोन-तीन घोटांवरच थांबले म्हणून, आणि पुरावा वाचला तो तळाशी बसला म्हणून.

एवढ्याशा गाळात सोमल आहे हे ओळखायचं कसं? इंग्लंडमध्ये १८३० च्या दशकात एका खटल्यात जेम्स मार्श या रसायनतज्ज्ञाला विष सापडलं होतं, पण ज्युरीसमोर दाखवायची वेळ आली तोवर नमुना खराब झाला आणि आरोपी सुटला. मार्श इतका चिडला, की १८३६ साली त्यानं नवी चाचणी शोधून काढली. संशयित पदार्थात जस्त आणि आम्ल घालायचं. त्यातून हायड्रोजन निघतो. सोमल असेल तर आर्सेनिक त्या हायड्रोजनशी संयोग पावून वायू बनतं. तो वायू तापलेल्या काचनळीतून सोडला, की नळीच्या आत काळा चकचकीत थर धरतो. विषाचा आरसाच म्हणा ना! विम्सीच्या ‘स्ट्राँग पॉयझन’ या १९३० च्या कादंबरीत त्याचा नोकर बंटर हीच चाचणी करून दाखवतो. (तुम्ही मात्र ती फक्त पुस्तकात वाचायची हं. तो वायू अतिशय विषारी असतो.)

गाळात आणखी काहीतरी चमकत होतं. आरोप असा, की सोमलाबरोबर हिऱ्याची पूडही घातली होती! हिरकणी गिळून जीव दिल्याच्या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. पण हिरा म्हणजे शुद्ध कार्बन. पोटातल्या आम्लानं त्याला काहीही होत नाही, तो विरघळत नाही, म्हणून तो सोमलासारखं विष होऊच शकत नाही. ते कण हिऱ्याचे की काचेचे, यावर मात्र बराच खल झाला.

काच आणि हिरा यांतला फरक कळायला एक सोपा प्रयोग करा. बोरोसिलचा छोटा ग्लास मोठ्या काचेच्या भांड्यात ठेवा. आईला किंवा बाबांना सांगून दोन्हींत सूर्यफुलाचं तेल ओता. आतला ग्लास जवळजवळ दिसेनासा होतो! ही काच आणि तेल दोन्ही प्रकाशाला सारखंच वाकवतात, म्हणून त्यांच्यामधली कड डोळ्यांना सापडत नाही. हिरा प्रकाशाला कितीतरी जास्त वाकवतो, तो तेलातही चमकत राहिला असता.

आता अवघड प्रश्न: विष घातलं कुणी? मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर आपली माणसं घेऊन बडोद्याला आले. त्यांनी रेसिडेन्सीतला हवालदार रावजी याला पकडलं. माफीचं आश्वासन मिळाल्यावर त्यानं बडोद्याचे महाराजा मल्हारराव गायकवाड यांच्याकडे बोट दाखवलं, आणि त्याच्या कमरपट्ट्यात सोमलाची पुडीही सापडली. महाराजांचे खासगी चिटणीस दामोदरपंत हेही तसंच बोलले.

१८७५ च्या फेब्रुवारीत सहा जणांचं मंडळ बसलं: तीन इंग्रज आणि ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराजा रामसिंह, सर दिनकरराव राजवाडे. मल्हाररावांनी लंडनहून सार्जंट बॅलंटाइन हा नावाजलेला वकील आणला. त्यानं उलटतपासणीत साक्षीदारांना घाम फोडला. निकाल काय लागला? तीन इंग्रज म्हणाले दोषी, आपल्या तिघांना आरोप सिद्ध झालेला वाटला नाही. तीन विरुद्ध तीन!

मला विचाराल तर आपल्या तिघांनी शंका घेतली ते योग्यच केलं. ग्लासात सोमल होता हे रसायनशास्त्रानं दाखवलं. तो कुणाच्या हुकमावरून आला, हे सांगणारी चाचणी कुणाकडेच नव्हती. तिथे फक्त माफी मिळालेल्या माणसांचा शब्द होता.

तरीही एप्रिलमध्ये सरकारनं गैरकारभाराचं कारण देऊन मल्हाररावांना गादीवरून काढलं आणि मद्रासला पाठवलं. रिकाम्या गादीसाठी बडोद्याच्या जमनाबाई महाराणींनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक घेतला. तोच पुढे महाराजा सयाजीराव झाला. त्यांनीच १९१३ साली भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला शिकायला पाठवलं.

ग्रे यांच्यासारखं काम आज मुंबईत कलिनाच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत चालतं. पालेगावातल्या मुलांनो, अंबरनाथहून लोकल पकडून कुर्ल्याला उतरलात की कलिना जवळच. मोठं होऊन तिथे काम करावंसं वाटत असेल, तर रसायनशास्त्राचा कंटाळा करू नका, आणि प्रयोगवहीत जे दिसलं तेवढंच लिहायची सवय आत्तापासून लावा.