बंद मैदाने आणि सरलेली वये

कोरोनाच्या साथीत शाळांचे किती नुकसान झाले याची चर्चा पुष्कळ झाली. पण ती अभ्यासक्रम, परीक्षा आणि मोबाइल यांच्याभोवतीच फिरत राहिली. शाळेच्या मैदानाचा उल्लेख तीत क्वचितच आला, आणि आला तो क्रीडागुणांच्या निमित्ताने. नांदेड-लातूरसारख्या जिल्ह्यांत, जेथे दहावी-बारावीचे गुण हेच मुख्य पीक मानले जाते, तेथे याचे आश्चर्य वाटू नये. परंतु हायस्कुलातील खेळ थांबल्यानंतर ते पुन्हा कोणत्या क्रमाने सुरू झाले, हे पाहिले तर एक वेगळाच हिशेब समोर येतो.

५ ऑगस्ट २०२० पासून राज्य शासनाने सांघिक नसलेल्या मैदानी खेळांना परवानगी दिली. त्या यादीत गोल्फ, नेमबाजी, टेनिस, खुल्या जागेतील बॅडमिंटन, जिम्नॅस्टिक्स आणि मल्लखांब होते. ५ नोव्हेंबरपासून बंदिस्त बॅडमिंटन व स्क्वॅशची कोर्टे उघडली आणि त्याच दिवशी निम्म्या आसनांवर चित्रपटगृहेही. नववी ते बारावीचे वर्ग मात्र २३ नोव्हेंबरपासून, तेही स्थानिक प्रशासनाला योग्य वाटेल तेथेच. पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये शाळा पुन्हा उघडल्या, तेव्हाच्या सूचनांतही खो-खो, कबड्डी यांसारखे निकट संपर्काचे खेळ टाळावेत, असेच बजावलेले होते.

आरोग्यशास्त्राच्या दृष्टीने या क्रमात चूक काढता येणार नाही. कबड्डीत चढाई करणाऱ्याला समोरचा अख्खा संघ कवेत घेतो आणि खेळाचा घोष मोठ्याने, एका दमात करावा लागतो. श्वासावाटे पसरणाऱ्या रोगाला याहून सोयीचा खेळ शोधून सापडणार नाही. खो-खोतला 'खो'ही पाठीला हात लावल्याखेरीज देता येत नाही. परंतु शारीरिक अंतराची ही चाळणी लावताना नकळत ऐपतीचीही चाळणी लागली. खो-खोला दोन खांब, चुन्याची फक्की आणि मोकळी जमीन एवढेच लागते, म्हणून तो किनवट, मुखेड, औसा, निलंगा येथील शाळांना परवडतो. ज्या खेळांत दोन खेळाडूंमध्ये पुरेसे अंतर असते, त्यांत बहुधा गरीब मूल आणि खेळ यांच्यामध्येही तेवढेच अंतर असते. मल्लखांब हा त्या यादीतील सन्माननीय अपवाद. धावण्यालाही जून २०२० पासून मोकळीक होती हे खरे. पण शाळेचा संघ एकेकट्याने रस्त्यावर धावून तयार होत नाही.

त्याच ऑगस्टच्या २९ तारखेला, राष्ट्रीय क्रीडादिनी, शेजारच्या उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, सारिका काळे यांना खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. समारंभ दूरदृश्य पद्धतीने झाला. ज्या खेळाचा गौरव होत होता, तो त्या दिवशी राज्यातील एकाही शाळेच्या मैदानावर खेळता येत नव्हता.

निर्बंध अनाठायी होते असे मात्र कोणी म्हणू नये. फेब्रुवारी २०२१ मध्ये लातूरच्या एका वसतिगृहातील सुमारे ४० विद्यार्थी बाधित आढळले. २५ मार्च ते ४ एप्रिल या काळात नांदेड जिल्ह्यात टाळेबंदी लावावी लागली. १५ ते १८ वयाच्या मुलांचे लसीकरण ३ जानेवारी २०२२ रोजी सुरू झाले आणि त्याच महिन्यात शाळा पुन्हा काही दिवस बंद झाल्या. प्रश्न बंदीचा नाही. बंदीची किंमत कोणी मोजली, हा आहे.

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन वयोगटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी त्यांची शिडी असते. दोन वर्षे ही शिडीच उचलून ठेवलेली होती. २०१९-२० मध्ये १५ वर्षांची असलेली मुलगी २०२२-२३ मध्ये स्पर्धा पूर्ववत सुरू झाल्या तेव्हा १८ वर्षांची होती. तिचा १७ वर्षांखालील गटातील उरलेला काळ मैदानावर पाऊल न टाकताच संपला. १९ वर्षांखालील गट उरतो, असे कोणी म्हणेल. पण त्यासाठी ती कनिष्ठ महाविद्यालयात पोचलेली हवी. आणि 'लातूर पॅटर्न'च्या छायेतील कनिष्ठ महाविद्यालय म्हणजे पहाटेपासून रात्रीपर्यंत वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांची शिकवणी. तेथे मैदानासाठी सवड मागणे म्हणजे वेडेपणा ठरतो. ग्रामीण मराठवाड्यातील बहुसंख्य मुलामुलींसाठी दहावीपूर्वीची दोन-तीन वर्षे हाच खेळाचा सारा काळ असतो. मुलींच्या बाबतीत तर तो अधिकच आखूड. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार राज्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षापूर्वी झालेले होते. घराबाहेर पडण्याचे मैदान हे एक मान्यताप्राप्त कारण असते. ते दोन वर्षे नाहीसे झाले की परत मिळेलच असे नाही.

शासनाने या नुकसानीची भरपाई केली, ती गुणांत. स्पर्धाच न झाल्यामुळे २०२२ च्या दहावी-बारावीच्या परीक्षार्थींना आधीच्या इयत्तांतील कामगिरीवर क्रीडागुण देण्याची सवलत मिळाली. ती न्याय्यच होती. पण माल बुडाला असता पावती तेवढी जपून ठेवावी, तसा हा प्रकार झाला. आणि पालकांनाही पावतीच हवी होती, हेही नाकारता येत नाही. ज्या मुलाने २०२० पूर्वी कधी स्पर्धा पाहिलीच नव्हती, त्याच्या वाट्याला ना माल आला ना पावती.

साथ पुन्हा येईल किंवा न येईल. दुष्काळ, पूर, टाळेबंदी यांपैकी काही ना काही येतच राहते. गुणांत सवलत देता येते, तर स्पर्धा रद्द झालेल्या प्रत्येक वर्षामागे वयोमर्यादेत एका वर्षाची सूटही नियमात आधीच लिहून ठेवता येईल. राज्यपातळीचा प्रवास शक्य नसेल तेव्हा चार-पाच जवळच्या शाळांत सामने भरविणे आणि त्यांची नोंद अधिकृत धरणे, हे तालुक्याच्या पातळीवर होऊ शकते. खो-खोतील खांबाभोवतीचे वळण, बैठकीतून उठण्याचा वेग, कबड्डीतील पदन्यास यांचा सराव स्पर्शावाचून, दहा-दहा मुलांच्या तुकड्यांत करता येतो. त्यासाठी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक सर्वेक्षणाच्या कामावर न पाठविता शाळेत ठेवावा लागेल, एवढेच.