खजुराचा बुटका भाऊ

इफ्तारला खजूर खाल्ला की बी ताटाच्या कडेला पडते. ती निरखून पाहिली तर एका बाजूला खाच, खाचेत धागा, अंगावर पातळ पापुद्रा आणि पाठीवर बारीक ठिपका दिसतो. कुरआनात या तिन्हींची नावे आली आहेत: फतील, कितमीर आणि नकीर. अगदी क्षुल्लक असे काही सांगायचे असले की हे शब्द येतात. गंमत अशी, की त्या क्षुल्लक ठिपक्याखालीच गर्भ असतो. कोंब तिथूनच फुटतो.

ही बी गोंदियातही उगवेल. फळ मात्र पावसाळ्यात सडेल. इथल्या मातीला जवळचा आहे तो तिचा बुटका भाऊ, फिनिक्स अकॉलिस. अकॉलिस म्हणजे बिनखोडाचा. रॉक्सबर्गने 1820 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हिमालयाच्या पायथ्यापासून मध्य भारतापर्यंत तो आढळतो. बांधावरची शिंदी उंच वाढते, याचे खोड मात्र कांद्यासारखे जमिनीत राहते. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, त्या आगीत पाने जळतात, पण गाभा वाचतो आणि पुन्हा पालवतो.

हौसेपोटी असा माड मुळासकट उपटून कुंडीत लावणे म्हणजे बहुधा तो मारणेच. शिवाय नर-मादी झाडे वेगळी; एक मादी गेली की तिथल्या बियाही गेल्या. त्यापेक्षा बी बरी. फळे उन्हाळ्यात, पानांच्या बुडाशी, जमिनीलगत काळपट पिकतात. नवेगाव-नागझिऱ्याच्या अभयारण्यातून मात्र परवानगीशिवाय एक बीही उचलता येत नाही, हे ध्यानात असावे.

गर धुऊन काढावा. बी दोन-तीन दिवस पाण्यात ठेवावी, पाणी रोज बदलावे. मग उंच पिशवी घ्यावी, पसरट ट्रे नको. कारण कोंब आधी खाली, खोल मातीत जातो आणि पान नंतर वर येते. महिना-दोन महिने वर काहीच दिसत नाही. उकरून पाहण्याचा मोह इथेच होतो, आणि बी इथेच मोडते. पहिले पान गवताच्या पात्यासारखे साधे असते; निंदणीत तेही उपटले जाते.

जवळ शिंदी असेल तर संकर होऊ शकतो. असे रोप पुढे उंच होऊ लागले तर नवल नाही. नर की मादी, हे फुलोरा येईपर्यंत कळत नाही. म्हणून रोपे पाच-सहा तरी ठेवावीत.