शेवटच्या रात्रीची रांग

क्रूझच्या शेवटच्या रात्री, पहाटे साडेतीनच्या सुमारास, प्रत्येक केबिनच्या दारात एक पाकीट अडकवलं जायचं. आत फोलिओ, म्हणजे सगळ्या मुक्कामाचं बिल. सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजावर फ्रंट डेस्कला मी सहा कॉन्ट्रॅक्ट केली. सिंगापूर-मलेशियाच्या सहलीला तीन-चार रात्रींची क्रूझ जोडायची, हा आपल्याकडे ठरून गेलेला बेत असल्यामुळे सकाळी सहाच्या रांगेत मराठी हमखास ऐकू यायचं. एकदा एका काकांनी पाकीट न उघडताच माझ्यापुढे सरकवलं. "तुम्हीच वाचा, मला बीपी आहे." वाचलं, 38 डॉलर. काकांचा चेहरा खुलला. तेवढ्यात माझी नजर केबिन नंबरवर गेली. पाकीट शेजाऱ्यांचं होतं.

'तिकिटात सगळं आलं' हे वाक्य जहाजावर चढणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं. या धंद्यात मुरलेली माणसं मात्र 1972 सालची गोष्ट सांगतात. टेड ॲरिसन यांच्या कार्निव्हल कंपनीचं पहिलं जहाज 'मार्डी ग्रा' मायामीहून पहिल्याच फेरीला निघालं आणि बंदराबाहेर पडता पडता वाळूत रुतलं. कंपनीकडे पैशांची एवढी चणचण होती, की परतीच्या इंधनासाठी बारचे गल्ले आणि जुगाराची यंत्रं रिकामी करावी लागली, असं सांगतात. आज त्याच कंपनीच्या उत्पन्नातला साधारण एक तृतीयांश वाटा तिकिटाबाहेरून येतो. तिकिटासाठी टूरवाल्याशी महिनाभर घासाघीस करून हजार रुपये सोडवून घेतलेली मंडळी मी खूप पाहिली. तेच हजार रुपये पहिल्या संध्याकाळी, जहाज धक्क्यावरून हलायच्या आत, स्वागताच्या रंगीत पेल्यात जायचे. तो पेला ट्रेमध्ये समोर येतो, म्हणून फुकट वाटतो.

खर्च ओढणाऱ्यांमध्येही चुरस असते. बार, कॅसिनो, दुकानं, स्पा, फोटो, प्रत्येक विभागाला टार्गेट असतं. बंदरात कॅसिनो आणि ड्यूटी-फ्री दुकानं बंद ठेवावी लागतात, म्हणून भर समुद्रातला दिवस त्यांचा. स्पाचं उलटं. प्रवासी किनाऱ्यावर उतरले की तिथे शुकशुकाट, म्हणून सवलती त्याच दिवशी निघतात. ज्यांना मसाज घ्यायचाच आहे, त्यांनी तो बंदराच्या दिवशी घ्यावा, हे मी डेस्कवरून कितीतरी जणांना हळूच सांगितलं आहे. एकदा फोटोवाले आणि दुकानवाले एका जिन्याखालच्या जागेवरून इतके भांडले, की आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते. थिएटर सुटलं की सगळी गर्दी त्याच जिन्याने जेवायला उतरायची. अखेर हॉटेल डायरेक्टरने मध्ये पडून निकाल दिला. जागा बारला मिळाली.

जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. केबिनची किल्ली असलेलं कार्डच सगळीकडे दाखवायचं, आणि त्यामागे आपलं बँकेचं कार्ड बांधलेलं असतं. नाशिकचं एक नवं जोडपं चेक-इनला आलं, तर नवऱ्याचं कार्ड चालेना. रिझर्व्ह बँकेच्या 2020 सालच्या नियमानंतर आपल्याकडच्या नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात, ते आपणहून चालू करावे लागतात. ते राहून गेलं होतं. मग बायकोचं डेबिट कार्ड दिलं. त्यात एक गोम होती. जहाज रोज अंदाजाने काही रक्कम अडवून ठेवतं. क्रेडिट कार्डावर अडते ती मर्यादा, डेबिट कार्डावर खात्यातले आपले पैसेच अडकतात, आणि बिल चुकतं झाल्यावरही मोकळे व्हायला काही दिवस जातात. ते दोघं एक पैसा बाकी न ठेवता हसत उतरले. पंधरा दिवसांनी त्यांची मेल आली. घराचा हप्ता परत गेला होता.

पेयांच्या पॅकेजचं गणित तर मी कागदावर मांडून दाखवायचो. समजा पॅकेज दिवसाला 80 डॉलर, वर 18 टक्के सेवाशुल्क, म्हणजे 94 डॉलर 40 सेंट. सुटा पेला 13 डॉलरचा, शुल्कासकट 15 डॉलर 34 सेंट. सहा पेल्यांपर्यंत पॅकेज तोट्यात, सातव्यापासून फायद्यात, आणि अर्धा दिवस तर आपण फुकेतच्या किनाऱ्यावर असणार. त्यात आमच्या जहाजावर केबिनमधल्या एकाने मद्याचं पॅकेज घेतलं की दुसऱ्या मोठ्या माणसालाही ते घ्यावंच लागे. पुण्याच्या एका मेहुण्या-मेहुण्यांच्या जोडीतले धाकटे पिणारे, थोरले माळकरी. थोरल्यांनी वसुलीचा चंग बांधला. रोज आठ-आठ कॅपुचिनो. तिसऱ्या रात्री छातीत जळजळ, धडधड, मग जहाजाचा डॉक्टर. तपासणी, ईसीजी, औषधं, सगळं त्याच की-कार्डावर. डॉक्टरांचं बिल पॅकेजपेक्षा जास्त निघालं.

मुलांच्या कार्डावरचा खर्च पहिल्याच दिवशी डेस्कवर सांगून बंद करता येतो. हे माहीत नसलेल्या एका वडिलांनी मुलाला रांगेतच फैलावर घेतलं, कारण व्हिडिओ गेमच्या खोलीत त्याने 112 डॉलर उडवले होते. मुलगा मान खाली घालून उभा. आईने शांतपणे पान उलटलं आणि बोट ठेवलं. कॅसिनो, मध्यरात्र, 400 डॉलर.

आणि एक गोष्ट जिच्याबद्दल मला आजही मनापासून वाईट वाटतं. अमेरिकी पद्धतीच्या जहाजांवर टिप रोज आपोआप लागते, माणशी साधारण 16 ते 20 डॉलर, लहान मुलांनाही. चौघांचं कुटुंब, चार रात्री, 18 डॉलरचा दर धरला तरी 288 डॉलर झाले. डॉलर 85 रुपयांचा धरला तर 24 हजारांच्या वर. हा आकडा घरून निघताना कुणी धरलेला नसतो, म्हणून शेवटच्या सकाळी तो अंगावर येतो आणि माणसं टिप काढून टाकायला रांगेत उभी राहतात. ती काढता येते. मी शेकड्यांनी काढली आहे. एक सद्गृहस्थ म्हणाले, "कंपनीला कशाला? आमचा केबिन स्टुअर्ड फार गुणी पोरगा आहे, त्याच्या हातात देतो." आणि खरंच त्यांनी त्याला 20 डॉलरची नोट दिली, पाठ थोपटली.

तो पोरगा गोव्यातल्या सासष्टीचा. घरात तीन पिढ्या तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारे. रोज टॉवेलचा हत्ती करून त्यांच्या पलंगावर ठेवायचा, त्यांच्या नातीसाठी त्याला चष्मासुद्धा लावायचा. रात्री तो डेस्कवर आला आणि तीच नोट माझ्यापुढे ठेवली. आमच्या जहाजावर नियम असा, की ज्या केबिनची टिप काढली गेली, तिथून हातात आलेले पैसे सामाईक पेटीत जमा करायचे. त्या पेटीवर तळमजल्यात चादरी धुणारे, भांडी घासणारे, पहाटे तीनला पाव भाजणारे असे सगळेच अवलंबून असतात. प्रवाशांना त्यांची तोंडंही दिसत नाहीत. त्या सद्गृहस्थांच्या मनात खोट नव्हती, याची मला खात्री आहे. घरी बसून हा आकडा धरला असता, तर त्यांनी तो आनंदाने दिला असता. त्या नोटेची पावती करताना माझ्याच्याने त्या पोराकडे बघवलं नाही. तो मात्र म्हणाला, "आसूं दी रे, हत्तीचो चष्मो तिणें घरा व्हेलो."

फोनचं एका वाक्यात सांगतो. जहाजाचं स्वतःचं उपग्रहावरचं नेटवर्क असतं, ते नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये बहुधा नसतं, तेव्हा धक्का सुटायच्या आत फोन एअरप्लेन मोडवर टाका.

एवढ्या फेऱ्यांमध्ये डेस्कवरच्या आम्हा सगळ्यांच्या लक्षात राहिल्या त्या सांगलीच्या एक बाई. रोज रात्री साडेनऊला यायच्या आणि म्हणायच्या, "भाऊ, आजपर्यंतचं सांगा." मी सांगायचो, त्या छोट्या डायरीत लिहायच्या. पर्समध्ये घरून आणलेली चार पाकिटं. त्यात नोटा नव्हत्या, पावत्या होत्या. प्रत्येकावर निळ्या शाईने नाव आणि मर्यादा. टिप, 144. किनाऱ्यावर, 120. चहा-पाणी, 40. चौथ्यावर लिहिलं होतं 'मोह, 100'. मी विचारलं तर म्हणाल्या, "मोह होणारच. त्याला आधीच जागा करून ठेवली की बाकीच्यांच्या ताटातलं ओढत नाही."

शेवटच्या सकाळी त्याही रांगेत दिसल्या तेव्हा मला आश्चर्य वाटलं. बिल आणि डायरी शेजारी शेजारी ठेवून म्हणाल्या, "कॅफेतला एक चहा दोनदा लागलाय." तपासलं. चूक आमची होती. 2 डॉलर 50 सेंट परत केले. त्यांनी 'मोह'चं पाकीट काढलं. 18 डॉलर 50 सेंट उरले होते, ते खोडून 21 लिहिले. शेजारी इतका वेळ गप्प उभे असलेले त्यांचे यजमान पुढे झाले आणि हळूच विचारलं, "अहो, तो आपला डेकवरचा फोटो केवढ्याला होता?"

फोटो 20 डॉलरचा होता, आणि काउंटर बंद व्हायला अजून दहा मिनिटं होती.

बाईंनी पाकिटावर एक ओळ वाढवली आणि दोघंही त्या दिशेने चालू लागली.