विंचवाचं विष आणि प्राझोसिनची गोळी

महाडपासून बाणकोटच्या खाडीपर्यंत सावित्रीच्या खोऱ्यात लाल विंचू पेंढ्यात, सरपणात, गडग्याच्या फटींत दडून असतो. त्याच्या नांगीतून थेंबभरसुद्धा विष उतरत नाही. तरीही धडधाकट माणसाचं हृदय काही तासांत थकतं, ते कसं?

आपल्या मज्जातंतूंवर सोडियम आत सोडणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या असतात. एरवी वाहिनी उघडते, संदेश पुढे जातो आणि क्षणार्धात ती मिटते. विषातली छोटी प्रथिनं तिला चिकटतात आणि मिटू देत नाहीत. मग मज्जातंतू थांबतच नाही, संदेश सोडत राहतो. आधी ओकाऱ्या आणि दरदरून घाम येतो. पाठोपाठ ॲड्रिनलिन आणि नॉरॲड्रिनलिनचा लोंढा रक्तात उतरतो.

पुढचा टप्पा सावकाश समजून घ्यावा असा आहे. नॉरॲड्रिनलिन पेशीच्या आत न शिरताच आपलं काम करतं. रक्तवाहिनीच्या स्नायूपेशीवर अल्फा-१ नावाचा ग्राहक रेणू असतो. नॉरॲड्रिनलिन त्याला बाहेरून चिकटलं की त्याचा आतला भाग किंचित हलतो. त्या हालचालीने शेजारचं जी-प्रथिन जागं होतं आणि एका विकराला कामाला लावतं. विकर पेशीच्या पटलातल्या मेदाचा तुकडा तोडतं. तो तुकडा आत जाऊन साठ्यातलं कॅल्शियम मोकळं करतो आणि स्नायू आकसतो. शरीरभरच्या बारीक रक्तवाहिन्या अशा एकदम आकसल्या, की हृदय नळी मुरगळलेल्या पंपासारखं जोर लावत राहतं. हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, शेवटी फुप्फुसांत पाणी भरतं. अशा ग्राहक रेणूंच्या अभ्यासासाठी लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का या शास्त्रज्ञांना २०१२ चं नोबेल मिळालं.

डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा असे रुग्ण डोळ्यांदेखत दगावत. त्यांनी रुग्णांची लक्षणं तासातासाला टिपली आणि १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडली. या साऱ्या कथेत मला सर्वांत मोठं वाटतं ते हे निरीक्षण. औषध त्यातूनच सुचलं. प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी अल्फा-१ वर आधीच जागा अडवते, त्यामुळे साखळी पहिल्याच कडीला तुटते. रक्तवाहिन्या सैलावतात, हृदयावरचा भार उतरतो. १९८६ मध्ये त्यांनी हा उपचार 'लॅन्सेट'मध्येच प्रसिद्ध केला. गोळी असल्यामुळे ती खेड्यातल्या केंद्रातही देता आली, हे कोकणासाठी फार मोलाचं ठरलं.

प्राझोसिन विषाचा परिणाम रोखतं. विष मात्र शरीरात राहतंच. ते निकामी करायला प्रतिविष लागतं. बावस्कर दांपत्याने महाडमध्ये ७० रुग्णांवर केलेली चाचणी २०११ मध्ये 'बीएमजे'त छापून आली. दहा तासांत नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८ जण पूर्ण बरे झाले होते, प्रतिविषाची जोड दिल्यावर ३५ पैकी ३२.



विंचू चावलेल्या माणसाला, विशेषतः मुलाला, ओकारी, घाम किंवा हातपाय गार पडणं दिसलं, तर विंचू उतरवणाऱ्याकडे वेळ घालवू नका. त्याला घेऊन तडक आरोग्य केंद्र गाठा. गोळी मनाने देऊ नका, डॉक्टरांनाच देऊ द्या.